ताप नसला तरी तपासा : यकृताच्या रुग्णांसाठी आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार.

यकृत निकामी होत चाललेला माणूस सरकारी रुग्णालयात भरती होतो, तेव्हा त्याच्या केसपेपरवर कावीळ, पोटात पाणी, पायांना सूज एवढं लिहिलं जातं. त्याच्या रोगप्रतिकारक पेशी नीट काम करत नाहीत, हे कुठेच लिहिलं जात नाही. लिहिलंच नाही, तर त्यानुसार वागणार कोण? यातले कित्येक रुग्ण अखेर जंतुसंसर्गाने दगावतात. हा संसर्ग वेळेत ओळखता येतो. त्यासाठी लागणारी सुई, सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ जिल्हा रुग्णालयात आहेत. तरीही ती तपासणी वेळेवर होत नाही. म्हणून हे पत्र तुम्हा दोघांना, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझा धाकटा भाऊ हिपॅटायटिस बी मुळे झालेल्या सिरॉसिसने, म्हणजे यकृत कडक होत जाण्याच्या आजाराने, गेला. तो टेम्पो चालवायचा. पोट फुगलं, जेवण तुटलं, म्हणून त्याला आम्ही सरकारी रुग्णालयात दाखल केलं. ताप नव्हता. पोट थोडं दुखत होतं आणि तो नेहमीपेक्षा जास्त झोपत होता. पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट आला, तो ‘नॉर्मल’ होता. मग सगळ्यांनी गृहीत धरलं की इन्फेक्शन नाही. पोटातलं पाणी तपासायला पाठवलं गेलं नाही, कारण जोडून सुट्ट्या आल्या होत्या आणि ती तपासणी करणारं लॅबमध्ये कुणी नव्हतं. पुढे लघवी कमी झाली, तेव्हा मोठ्या शहरात न्यायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी पोहोचल्या पोहोचल्या पोटातलं पाणी काढून तपासलं. पाण्यात पू-पेशी भरलेल्या होत्या. तोवर किडनी बंद पडली होती.

पहिल्या रुग्णालयातल्या कुणा डॉक्टरवर किंवा सिस्टरवर आरोप करण्यासाठी मी हे लिहीत नाही. रात्री अख्खा वॉर्ड एका तरुण डॉक्टरच्या अंगावर होता आणि तो धावतच होता. त्याच्या हातात या रुग्णांसाठी कुठलाही ठरलेला नियम खात्याने दिलेला नव्हता. माझा प्रश्न खात्याला आहे.

थोडं शास्त्र सांगते, कारण मागण्या त्यावरच उभ्या आहेत.

यकृतातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. त्यातलं तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं आणि त्याच्याबरोबर आतड्यातले जंतू, जंतूंचे तुकडे, त्यांचं विष असं सगळं येत असतं. यकृत हा त्या वाटेवरचा जकात नाका आहे. तिथे बसलेल्या पेशींचं वर्णन कार्ल फॉन कुप्फर यांनी १८७६ मध्ये केलं, म्हणून त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. शरीराच्या अवयवांमध्ये कायम वस्तीला असलेल्या भक्षक पेशींपैकी बहुसंख्य पेशी एकट्या यकृतात असतात. येणारं रक्त त्या गाळून घेतात आणि जंतू गिळतात. शिवाय जंतूंवर चिकटून त्यांना गिळण्याजोगं करणारी पूरक प्रथिनं बहुतांशी यकृतातच बनतात. अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिनही तिथेच बनतं.

सिरॉसिसमध्ये यकृतात जाळं पडून ते कडक होतं. रक्ताला आत शिरता येत नाही, ते बाजूच्या शिरांनी वळसा घालून थेट शरीरात जातं. आतड्याची भिंतही झिरपू लागते. आता जंतूंचा माल न तपासता रक्तात येतो, तोही रोज. सुरुवातीला पांढऱ्या पेशी भडकलेल्या राहतात, सतत लढाईच्या पवित्र्यात. त्यांच्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी समोर शत्रू नसतानाच आपला मारक साठा उधळू लागतात आणि खरा जंतू आला की त्यांना तो गिळता येत नाही. रक्तात वाढलेला अमोनिया त्यांना आणखी दुबळं करतो. मोनोसाइट नावाच्या पेशी गिळलेल्या जंतूचा तुकडा ज्या रेणूवर धरून इतर पेशींना दाखवतात, तो एचएलए-डीआर हा रेणूच त्यांच्या पृष्ठभागावर कमी होतो. म्हणजे एकीकडे अंगभर दाह चालू आणि दुसरीकडे संरक्षण बंद. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसात. विद्यार्थ्यांना हे शिकवताना त्यांना पटवून द्यावं लागतं, कारण पहिल्यांदा ऐकताना ते विसंगत वाटतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की, पेशींची संख्या पाहून हा बिघाड कळत नाही. फुगलेली प्लीहा पांढऱ्या पेशी अडकवून ठेवते, त्यामुळे अशा रुग्णाच्या पेशी मुळातच कमी असतात. नेहमी तीन हजार असणाऱ्याच्या पेशी आठ हजार झाल्या, तर रिपोर्टवर त्या ‘नॉर्मल’ दिसतात. अन्ननलिकेतल्या शिरा फुटू नयेत म्हणून प्रोप्रानोलॉल किंवा कार्वेडिलॉल चालू असतं, त्यामुळे नाडीही वाढत नाही. ताप येईलच असं नसतं. यकृत अचानक निकामी झालेल्या पन्नास रुग्णांचा लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधला अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८० टक्के रुग्णांना जिवाणूंचा संसर्ग झाला होता आणि त्यातल्या सुमारे ३० टक्के जणांत ताप, वाढलेल्या पेशी अशी नेहमीची लक्षणं नव्हती. ही माहिती तीस वर्षांहून जुनी आहे. ती आमच्या वॉर्डापर्यंत पोहोचवायची जबाबदारी कुणाची होती?

संसर्ग झाला तर काय होतं, तेही सांगते. सिरॉसिसच्या सुमारे १२,००० रुग्णांची माहिती असलेले १७८ अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये आढावा घेतला गेला. संसर्ग झालेल्यांपैकी ३० टक्के रुग्ण महिन्याभरात जातात, आणखी ३० टक्के वर्षभरात. मृत्यूचा धोका जवळपास चौपट होतो. ज्या दुखण्यात महिन्याभरात दहातले तीन जातात, ते सुट्टी संपेपर्यंत थांबू शकत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार पोटातल्या पाण्याच्या तपासणीची. पोटात पाणी असलेला रुग्ण भरती झाला की ते पाणी थोडं काढून त्यातल्या पेशी मोजायच्या, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल पेशी २५० किंवा त्याहून जास्त निघाल्या, तर कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीची, वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करायचं. मोजणीला काचेची खाचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक पुरतो. माझ्या प्रयोगशाळेत मुलं तशा पट्टीवर पेशी मोजतात. उशिराची किंमतही मोजली गेली आहे. अशा संसर्गाच्या रुग्णांवरचा एक अमेरिकन अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात पाणी काढायला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे रुग्णालयातल्या मृत्यूचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आपल्याकडे मात्र रात्री, रविवारी आणि सणाला ही मोजणी मिळत नाही.

त्याला जोडूनच दोन गैरसमज वॉर्डात आणि घराघरांत घट्ट बसले आहेत. एक, ‘पोटातलं पाणी काढलं की पेशंट जातो.’ नातेवाईक या भीतीने सही करत नाहीत आणि त्यांना समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. दुसरा गैरसमज डॉक्टरांमध्येही आहे : रक्त गोठत नाही, म्हणून सुई घालता येणार नाही. तपासणीपुरतं पाणी काढताना गंभीर रक्तस्राव फार क्वचित होतो आणि त्यासाठी आधी प्लाझ्मा चढवण्याची गरज नाही, असं यकृतरोगाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. माझ्या भावाच्या वेळी सुट्ट्यांबरोबर हीही कारणं आम्हाला आलटून पालटून सांगितली गेली.

कल्चरची अवस्था वेगळी सांगायला नको. पाणी साध्या नळीत घालून प्रयोगशाळेत पाठवलं, तर निम्म्याअधिक वेळा त्यात काहीच उगवत नाही. तेच पाणी खाटेशेजारीच रक्त-कल्चरच्या बाटलीत भरलं, तर जंतू सापडण्याचं प्रमाण खूप वाढतं. त्या बाटल्या वॉर्डात नसतात. जंतू सापडला नाही की औषध अंदाजाने दिलं जातं, आणि अंदाज आपल्या देशात फार महाग पडतो. सिरॉसिसमधल्या संसर्गांचा अनेक खंडांतला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरात मिळून सुमारे ३४ टक्के संसर्गांत अनेक औषधांना दाद न देणारे जंतू होते. भारतातल्या केंद्रांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होतं. पुस्तकातलं पहिलं औषध इथे कित्येकदा चालणारच नाही, असा याचा अर्थ. कुठल्या जिल्ह्यात कुठलं औषध चालतं, याचा तक्ता ड्युटीवरच्या डॉक्टरकडे असायला हवा. मी विचारलं, तेव्हा असा तक्ता कुणी दाखवू शकलं नाही.

अल्ब्युमिनबद्दल मला नेमकं बोलायचं आहे, कारण इथे उधळपट्टीची मागणी केल्याचा आरोप होऊ शकतो. स्पेनमधल्या १२६ रुग्णांवरचा १९९९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. पोटातल्या पाण्याचा संसर्ग झालेल्यांना नुसतं प्रतिजैविक दिलं, तेव्हा ३३ टक्क्यांची किडनी बिघडली आणि २९ टक्के रुग्णालयात दगावले. प्रतिजैविकाबरोबर अल्ब्युमिन दिलं, तेव्हा दोन्ही आकडे १० टक्क्यांवर आले. पुढे २०१४ मध्ये असं दिसलं की, या रुग्णांच्या रक्तातलं प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन भक्षक पेशींना दाबून टाकतं आणि अल्ब्युमिन त्याला बांधून ठेवतं. त्यावरून मोठी आशा निर्माण झाली. पण ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले : रुग्णालयात भरती असलेल्या सिरॉसिसच्या सगळ्याच रुग्णांना अल्ब्युमिनची पातळी वाढवण्यासाठी रोज ते देत राहिल्याने फायदा झाला नाही. म्हणून सगळ्यांना अल्ब्युमिन द्या, असं मी म्हणत नाही. ज्यांना हा संसर्ग सिद्ध झाला आहे, त्यांना ते मिळालंच पाहिजे. साठ किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी ९० ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी ६० ग्रॅम, म्हणजे वीस ग्रॅमच्या आठेक बाटल्या. एकेक बाटली काही हजारांची. ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडली की टेम्पोचालकाच्या घरात काय विकायला निघतं, ते मी पाहिलं आहे.

दारूबद्दल. भरतीच्या वेळी आम्हाला पहिला प्रश्न तोच विचारला गेला आणि नंतरही विचारला जात राहिला. माझा भाऊ पीत नव्हता. पण पीत असता, तर? दारूने यकृत गेलेल्या माणसाच्या पेशीही तशाच थकतात आणि त्यालाही तेच प्रतिजैविक वेळेवर लागतं. उलट दारूमुळे यकृताला सूज आलेल्या रुग्णांवर लंडनमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूट्रोफिल पेशींचा हा बिघाड उलटवता येतो, असं प्रयोगशाळेत दिसलं. रुग्णाच्या रक्तद्रवातलं जंतूंचं विष काढून टाकल्यावर पेशी पुन्हा गिळू लागल्या. ज्याला आपण वाया गेलेला म्हणून सोडून देतो, त्याच्या पेशींना अजून काम करता येतं. वॉर्डात ‘लिव्हरवाला’ म्हणून कोपऱ्यातली खाट देण्याची रीत मला फार लागली. त्या कोपऱ्यात शेजारी न्यूमोनियाचा पेशंट होता.

आणखी काही गोष्टी, थोडक्यात. पोट दुखलं की सरसकट वेदनाशामक इंजेक्शन आणि इन्फेक्शन म्हटलं की अमिकासिन हे प्रतिजैविक, ही सवय या रुग्णांच्या किडनीवर उठते. आम्लपित्ताची गोळी प्रत्येकाला दिली जाते. सिरॉसिसमध्ये विनाकारण ती घेणाऱ्यांत पोटातल्या संसर्गाचं प्रमाण जास्त आढळलं आहे. रक्ताची उलटी झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णाला लगेच प्रतिजैविक दिल्याने मृत्यू कमी होतात, हे सिद्ध आहे, तरी ते विसरलं जातं. एकदा पोटातला संसर्ग होऊन बरा झालेल्याला तो परत होऊ नये म्हणून पुढे औषध चालू ठेवावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर ते नसतं.

आणि लसीकरण. हिपॅटायटिस बी ची लस देशभरातल्या बाळांना २०११ पासून मिळते. त्याआधी जन्मलेल्यांचं काय? माझा भाऊ त्यातलाच. २०१८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, बी आणि सी ची औषधं मोफत झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण भावाचं निदान झाल्यावर आईची, माझी, त्याच्या बायको-मुलांची तपासणी करा, असं आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी स्वतः सगळ्यांना घेऊन गेले. यकृत दुबळं झालेल्यांना न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) आणि फ्लूची लसही द्यायची असते. ती लवकर द्यावी लागते, कारण पेशी थकल्यावर लसीलाही नीट प्रतिसाद मिळत नाही.

‘एवढं सगळं सरकारी यंत्रणेला जमणार कसं?’ असं म्हणणाऱ्यांना मी एचआयव्हीची आठवण करून देते. प्रतिकारशक्ती गेलेल्या माणसाला वेगळी काळजी लागते, हे आपण तिथे मान्य केलं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधं सुरू झाली, सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. सीडी-४ पेशी मोजायची सोय झाली, समुपदेशक नेमले गेले, संधिसाधू संसर्ग होऊ नयेत म्हणून आधीच गोळ्या देण्याची शिस्त आली. तेव्हाही रुग्णाच्या चारित्र्यावर बोट ठेवणारे कमी नव्हते. तरी हे झालं, आणि सरकारी दवाखान्यांतच झालं. केमो चालू असलेल्या रुग्णाला ताप आला तर आज तालुक्यातला डॉक्टरही सावध होतो. यकृताच्या रुग्णाला तो दर्जा मिळालेला नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत :

१. पोटात पाणी असलेला यकृताचा प्रत्येक रुग्ण भरती झाल्यापासून सहा तासांच्या आत पाण्याची तपासणी झाली पाहिजे, तो बिघडला तर पुन्हा झाली पाहिजे, असा लेखी आदेश दोन्ही खात्यांनी एकत्र काढावा. जिल्हा रुग्णालयं एका खात्याकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या खात्याकडे, या कारणाने रुग्ण मध्ये लोंबकळू नये.

२. पेशींची मोजणी चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीसुद्धा मिळावी. तंत्रज्ञ नसेल तिथे ड्युटीवरच्या डॉक्टरांना ती शिकवावी.

३. रक्त-कल्चरच्या बाटल्या वॉर्डातच ठेवाव्यात. जिल्हावार औषध-प्रतिरोधाचा तक्ता दर सहा महिन्यांनी काढून जाहीर करावा.

४. सिद्ध झालेल्या संसर्गासाठी अल्ब्युमिनचा राखीव साठा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असावा. औषधखरेदीसाठी राज्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केलं आहे. या साठ्याची जबाबदारी त्याच्यावर नाव घालून टाकावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांना ते बाहेरून आणायला लावू नये.

५. सिरॉसिसच्या आणि यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘प्रतिकारशक्ती क्षीण’ अशी ठळक नोंद असावी. खाट देताना, सुई-नळ्या घालताना, औषध लिहिताना तिचा विचार व्हावा.

६. या रुग्णांना लसी मोफत मिळाव्यात आणि हिपॅटायटिस बी च्या रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी आरोग्य खात्याने स्वतःहून करावी.

७. मोनोसाइटवरचा एचएलए-डीआर मोजण्यासारख्या चाचण्यांवर निदान दोन-तीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत संशोधन सुरू करावं. कुणाच्या पेशी किती थकल्या आहेत, हे आपल्या रुग्णांत, आपल्या जंतूंच्या संदर्भात कळायला हवं. ही मागणी लगेच पूर्ण होणार नाही, याची मला कल्पना आहे. पहिल्या चार मात्र या महिन्यात होऊ शकतात.

२८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. दरवर्षी फलक लागतात, शपथ घेतली जाते, आमच्या महाविद्यालयातूनही फेरी निघते. त्या दिवसाच्या आत पहिला आदेश निघावा आणि त्याची प्रत प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात मराठीत लागावी, म्हणजे सोबत आलेल्या नातेवाइकाला बोट दाखवून विचारता येईल : साहेब, पाणी तपासलं का?

लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका,
सोलापूर जिल्हा